संसर्ग की आजार? उत्तर येईपर्यंत दोन्हींवर उपचार

सोलापूरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांच्या ३६ वर्षांच्या मोठ्या बहिणीला दोन महिन्यांपूर्वी डर्मॅटोमायोसायटिसचं (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडी-स्नायूंवर उलटते तो आजार) निदान झालं आणि रक्तात एमडीए-५ ही या आजाराचा एक खास प्रकार दाखवणारी अँटिबॉडी सापडली. तेव्हापासून रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे. गेल्या आठवड्यात दम वाढला. आता ताई आयसीयूत हाय फ्लो ऑक्सिजनवर (नाकातल्या नळ्यांतून वेगाने सोडलेला दमट ऑक्सिजन) आहेत: मिनिटाला ५० लिटर, ऑक्सिजन ६० टक्के, सॅच्युरेशन ९२, श्वासाचा वेग ३२. वजन ५० किलो, उंची १५५ सेंटिमीटर. आयसीयूतले डॉक्टर म्हणतात न्यूमोनिया आहे, पुण्याचे संधिवाततज्ज्ञ फोनवर म्हणतात आजारच फुप्फुसात उसळला आहे. नातेवाइकांना वाटतं स्टेरॉइडनेच सगळं झालं, ते बंद करा. ‘नेमकं कुणाचं ऐकायचं, व्हेंटिलेटरला सही द्यायची का, आणि पुण्याला हलवायचं का?’ असे तीन प्रश्न आहेत.

उत्तर :

तुमचे दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात, आणि एकाच वेळी. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या रुग्णाला संसर्ग होणं आणि त्याच आठवड्यात मूळ आजार उसळणं हे अजिबात दुर्मीळ नाही. छातीचा सीटी पाहून दोन्हींत फरक करणं अनुभवी डोळ्यांनाही पुष्कळदा जमत नाही, दोन्हींत धुरकट पांढरे डागच दिसतात. म्हणून या परिस्थितीत जगभर पाळली जाणारी रीत अशी: पहिल्या काही तासांत तपासण्यांचे नमुने घ्यायचे, दोन्हींवर उपचार लगेच सुरू करायचे आणि ४८ ते ७२ तासांत रिपोर्ट आले की जे नको ते काढून टाकायचं. ‘आधी संसर्ग नाही हे सिद्ध होऊ दे, मग बघू’ हे धोरण साध्या रुग्णात चालतं. एमडीए-५ मध्ये चालत नाही, कारण या प्रकारात फुप्फुसाचा आजार दिवसागणिक पुढे सरकू शकतो आणि पहिले तीन ते सहा महिनेच सगळ्यात धोक्याचे असतात. ताई नेमक्या त्याच काळात आहेत. स्नायूंची ताकद बरी आहे, सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आहे, म्हणून आजार सौम्य आहे असं कुणी म्हणालं तर ते मानू नका. एमडीए-५ चं हेच फसवं रूप आहे: स्नायू जवळजवळ ठीक, कातडी आणि फुप्फुस मात्र पेटलेलं.

स्टेरॉइड बंद करण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. दोन महिने ४० मिलिग्रॅम घेतल्यावर शरीराची स्वतःची कॉर्टिसॉल बनवणारी यंत्रणा झोपलेली असते. अशात डोस चुकला तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि तो संसर्गाचा शॉक समजला जातो.

आता नमुन्यांबद्दल. क्रम महत्त्वाचा आहे. रक्ताची कल्चर, थुंकीची तपासणी, टीबीसाठी सीबीनॅट, न्यूमोसिस्टिस या फुप्फुसातल्या बुरशीची पीसीआर, बीटा-डी-ग्लुकन (बुरशीची रक्ततपासणी), सीएमव्ही या विषाणूची पीसीआर, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी (सरफेस अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी दोन्ही) आणि हिपॅटायटिस सी हे सगळं आयव्हीआयजीची पहिली बाटली लावण्याआधी घ्यायला सांगा. आयव्हीआयजी म्हणजे हजारो दात्यांच्या अँटिबॉडीज. ती गेल्यावर हिपॅटायटिस बीची कोअर अँटिबॉडी आणि बीटा-डी-ग्लुकन दोन्ही खोटे पॉझिटिव्ह येऊ शकतात आणि मग रिटक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यायचं की नाही यावरून दिवस जातात. शिवाय फेरिटिन, एलडीएच, क्रिएटिनिन, ट्रोपोनिन, टू-डी इको. इको का? कारण दम हा हृदयाच्या स्नायूच्या दाहामुळे किंवा फुप्फुसातल्या गुठळीमुळेही लागतो, आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. गुठळीची शंका असेल तर साध्या एचआरसीटीत (डायशिवाय केलेला छातीचा सीटी) ती दिसत नाही, त्यासाठी डाय टोचून केलेला सीटी लागतो.

रिपोर्ट वाचताना दोन गोष्टी घोटाळा करतात. पांढऱ्या पेशी १५-१६ हजार असणं हा संसर्गाचा पुरावा नाही, नुसत्या स्टेरॉइडनेही त्या वाढतात. आणि ताप नाही म्हणून संसर्ग नाही असंही नाही, स्टेरॉइड ताप दाबतं. प्रोकॅल्सिटोनिन ही रक्तातली खूण बॅक्टेरियाच्या संसर्गात सहसा चढते, पण न्यूमोसिस्टिसमध्ये किंवा विषाणूच्या संसर्गात चढेलच असं नाही.

न्यूमोसिस्टिसचं नाव मुद्दाम दोनदा घेतलं. ताईंच्या जुन्या प्रिस्क्रिप्शनवर को-ट्रायमोक्साझोल लिहिलेलं आहे का ते आजच पाहा. २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन चार आठवड्यांहून अधिक चालणार असेल तर सहसा ही गोळी प्रतिबंधासाठी देतात: साधी गोळी रोज एक किंवा डबल स्ट्रेंग्थ आठवड्यातून तीन वेळा. ती दिलेली नसेल तर ही बुरशी संशयितांच्या यादीत वर येते आणि रिपोर्टची वाट न पाहता पूर्ण डोस सुरू करणं योग्य ठरतं. पूर्ण डोस म्हणजे ट्रायमेथोप्रिम या गोळीतल्या एका घटकाच्या हिशेबाने किलोमागे दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम. ५० किलोला ७५० ते १००० मिलिग्रॅम, म्हणजे डबल स्ट्रेंग्थच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा किंवा तेवढंच शिरेतून, २१ दिवस. यात पोटॅशियम चढतं, म्हणून ते आणि क्रिएटिनिन रोज बघावं लागतं. मेथोट्रेक्सेट (या आजारात कधी कधी देतात ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर आधी ते थांबवायला हवं. ही दोन औषधं एकत्र आली की अस्थिमज्जा दबते आणि सगळ्या पेशी खाली येतात.

ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे दुर्बीण घालून, फुप्फुसातलं पाणी तपासणं सगळ्यात खात्रीचं, पण ६० टक्के ऑक्सिजनवर असलेल्या, श्वासनलिकेत व्हेंटिलेटरची नळी न घातलेल्या रुग्णात त्याच टेबलावर व्हेंटिलेटर लागण्याचा धोका असतो. तुमच्या जागी आम्ही त्यासाठी हट्ट धरला नसता. पुढे नळी घालावी लागलीच तर त्याच दिवशी नळीतून नमुना घेता येतो, तो मात्र चुकवू नये.

आजारावरचे उपचार. अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजी आणि छातीविकारतज्ज्ञांची संघटना चेस्ट यांच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत झपाट्याने वाढणाऱ्या फुप्फुसविकारासाठी एकामागून एक औषध आजमावण्याऐवजी सुरुवातीपासूनच एकत्र औषधं सुचवली आहेत, आणि एमडीए-५ असेल तर तीन. पहिलं, मिथाइलप्रेडनिसोलोन ५०० ते १००० मिलिग्रॅम रोज, तीन दिवस, मग किलोमागे १ मिलिग्रॅम. साखर ३००-४०० पर्यंत जाऊ शकते, पोटॅशियम खाली येतं, झोप उडते, काही रुग्ण असंबद्ध बोलू लागतात. भ्रमाची ही लक्षणं दिसली तर घाबरू नका, पण नर्सला सांगा, कारण कार्बन डायऑक्साइड साठल्यावरही असंच होतं आणि ते एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) करूनच कळतं. दुसरं, टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. याचा डोस रक्तातल्या पातळीवर ठरतो आणि ती पातळी सकाळचा डोस घेण्याआधीच्या रक्तात मोजायची असते. गोळी घेऊन तासाभराने रक्त काढलं तर आकडा निरुपयोगी. व्होरिकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन यांनी पातळी एकदम चढते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने ती जमिनीला लागते. दोन वेगवेगळे डॉक्टर औषधं लिहीत असतील तिथे नेमकं हेच नजरेतून निसटतं. तिसरं, सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटक्सिमॅब किंवा आयव्हीआयजी किंवा टोफासिटिनिब.

यातलं कोणतं, हे संधिवाततज्ज्ञ ठरवतील. पण संसर्गाचा निकाल लागलेला नसताना आयव्हीआयजी आधी देणं आम्हाला जास्त पटतं, कारण त्याने प्रतिकारशक्ती आणखी दबत नाही. एकूण डोस किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे ताईंना १०० ग्रॅम, रोज २० ग्रॅमप्रमाणे पाच दिवस. बाटल्या बहुधा तुम्हालाच दुकानातून आणायला सांगतील. थंड पेटीत आणा, २ ते ८ अंशांत, पण बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेली बाटली फेकावी लागते. हलवू नका. बॅच नंबरचं स्टिकर फाइलवर चिकटवायला सांगा. पहिला अर्धा तास अगदी हळू जायला हवी. वेगाने सोडली तर डोकेदुखी, थंडी, रक्तदाबात चढउतार होतात. मूत्रपिंड आणि रक्ताच्या गुठळ्या याकडे लक्ष ठेवावं लागतं. कल्चर निगेटिव्ह आली की सायक्लोफॉस्फामाइडचा निर्णय घेता येतो. त्याआधी गर्भधारणा चाचणी, आणि ताईंना पुढे मूल हवं असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण या औषधाने अंडाशय निकामी होऊ शकतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात त्या डोसनंतर आठव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास.

एक अपेक्षा आधीच नीट ठेवा: यातलं एकही औषध दोन दिवसांत ऑक्सिजन कमी करत नाही. रिटक्सिमॅबला तर आठवडे लागतात. तोवर फुप्फुसाला इजा न होऊ देता दिवस काढणं हेच आयसीयूचं काम.

म्हणूनच मशीनचे आकडे. सॅच्युरेशनला श्वासाच्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागायचं आणि आलेल्या आकड्याला श्वासाच्या वेगाने. ताईंचं ९२ भागिले ०.६ म्हणजे १५३, भागिले ३२ म्हणजे ४.८. याला रॉक्स निर्देशांक म्हणतात. ४.८८ किंवा वर असेल तर नळी लागण्याची शक्यता कमी, बारा तासांनंतरही ३.८५ च्या खाली असेल तर हाय फ्लो पुरा पडत नाही असं समजतात. ताई उंबरठ्यावर आहेत. दर दोन तासांनी हा आकडा कागदावर लिहा. नुसतं ‘सॅच्युरेशन ९२ वर टिकून आहे’ हे ऐकून समाधान मानू नका. ऑक्सिजन ६० वरून ८० वर गेला आणि श्वास ४० झाला तर सॅच्युरेशन ९१ दिसत असतानाही रॉक्स २.८ वर आलेला असतो.

सॅच्युरेशनचं यंत्र बोटाला लावलेलं आहे का? या आजारात बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, टोकांना जखमा होतात, बोटं निळी-पांढरी पडतात. अशा बोटावर यंत्र खोटे आकडे दाखवतं किंवा सतत बीप करतं. कानाच्या पाळीला किंवा कपाळाला लावायचं सेन्सर मागा आणि एबीजीशी एकदा ताडून पाहायला सांगा. त्याच कारणाने मनगटातल्या धमनीत कायमची सुई ठेवण्याआधी हाताचा रक्तपुरवठा तपासला पाहिजे.

पालथं झोपता येत असेल तर झोपवा. जमेल तेवढे तास, उशा छातीखाली आणि कमरेखाली, पोट मोकळं. नाकातल्या नळ्या नाकपुडीच्या निम्म्याहून जास्त जागा अडवत नाहीत ना, ह्युमिडिफायरच्या पाण्याची पिशवी संपत आली नाही ना, हे नातेवाइकांच्या नजरेलाही दिसतं. आणि मान व गळ्याकडे लक्ष ठेवा. एमडीए-५ मध्ये फुप्फुसातली हवा बाहेर फुटून छातीच्या मध्यभागी आणि कातडीखाली शिरू शकते. अचानक छातीत दुखलं, आवाज बदलला, मान सुजली आणि दाबल्यावर मुरमुऱ्यांच्या पिशवीवर बोट ठेवल्यासारखं कुरकुरलं तर त्याच मिनिटाला सांगा. याच कारणाने घट्ट मास्कचा जोरकस दाब या रुग्णांत जपून वापरतात.

मग व्हेंटिलेटर. सही द्या, पण ‘शेवटी बघू’ म्हणून थांबू नका. थकून, बेशुद्ध होत, सॅच्युरेशन ७० वर असताना मध्यरात्री घातलेली नळी आणि दुपारी, वरिष्ठ भूलतज्ज्ञ हजर असताना घातलेली नळी यांत खूप अंतर आहे. हेही तितकंच खरं की एमडीए-५ मध्ये व्हेंटिलेटरवर गेलेल्यांपैकी अनेक जण परत येत नाहीत. डॉक्टर हे स्पष्ट बोलत नसतील तर तुम्ही विचारा. व्हेंटिलेटरवर प्रत्येक श्वास लहान ठेवतात: उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे ६ मिली. १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचं ते वजन सुमारे ४८ किलो, म्हणजे श्वास साधारण २९० मिलीचा. प्लॅटो प्रेशर, म्हणजे श्वास आत गेल्यावर फुप्फुसावर राहणारा दाब, ३० च्या खाली. ऑक्सिजन तरीही कमी पडला तर दिवसातून १६ तास पालथं ठेवतात. ‘एवढी लहान हवा का देताय, वाढवा ना’ असं नातेवाईक म्हणतात. वाढवली तर आधीच फाटायला आलेलं फुप्फुस फाटतं.

नळी घालण्याआधी ताईंना स्वतःला विचारा. एक्मो (शरीराबाहेरच्या यंत्रातून रक्ताला ऑक्सिजन देणं), पुढे फुप्फुस प्रत्यारोपण, महिनोन् महिने आयसीयू, यातलं काय मान्य आहे आणि काय नाही. एक्मो फुप्फुसाला बरं करत नाही, वेळ देतं. औषधं लागू पडण्याची आशा असेल किंवा प्रत्यारोपणाची वाट खुली असेल तरच त्याला अर्थ आहे. प्रत्यारोपण केंद्राशी बोलणं औषधं हरल्यावर नाही, आताच करायला सांगा. मार्गदर्शक तत्त्वंही उशिराऐवजी लवकर पाठवणंच सुचवतात.

पुण्याला हलवण्याचा प्रश्न राहिला. जिथे संधिवाततज्ज्ञ, छातीचे डॉक्टर आणि एक्मो एका छताखाली आहेत तिथे जाण्यात फायदा आहे. पण रस्ता सुमारे २५० किलोमीटर, पाच तासांचा. हिशेब करा: ५० लिटर प्रवाहात ६० टक्के ऑक्सिजन म्हणजे मिनिटाला शुद्ध ऑक्सिजन सुमारे २५ लिटर, पाच तासांत ७५०० लिटर. मोठा जंबो सिलेंडर भरलेला असेल तर साधारण ७००० लिटर देतो, लहान बी टाइप १५००. वाटेत १०० टक्के लागला तर तोच खर्च दुप्पट, १५ हजार लिटर. म्हणजे जंबो दोन, वर एक लहान, हे अगदी किमान. शिवाय हाय फ्लो यंत्र बहुतेक वेळा बॅटरीवर चालत नाही आणि कित्येक ॲम्ब्युलन्समध्ये ते नसतंच. साध्या मास्कवर १५ लिटर लावून निघाले तर टेंभुर्णीच्या आतच ताई थकतील. म्हणून आमचं मत असं: रॉक्स ४.८८ च्या वर स्थिर असेल आणि गाडीत हाय फ्लो किंवा हलका दाब देणारं ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर चालवणारा डॉक्टर असेल तर उद्या दिवसा जा. आकडा घसरत असेल तर आधी सोलापुरातच नळी घाला, सहा-आठ तास स्थिर होऊ द्या, मग निघा. छातीत हवा शिरली असेल आणि श्वासाची नळी घातलेली असेल तर निघण्यापूर्वी छातीचा एक्स-रे पुन्हा पाहायला हवा. १०८ ला फोन कराल तेव्हा प्रगत जीवरक्षक गाडीच हवी हे सांगा. मिथाइलप्रेडनिसोलोनचा पहिला डोस पुण्याला पोहोचेपर्यंत थांबवू नका.

पैशांचं : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या पॅकेजनुसार. बेड ठरवण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) विचारा की आयव्हीआयजी आणि रिटक्सिमॅब पॅकेजमध्ये बसतात का, आणि उत्तर लेखी घ्या.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक इशारा. वरचे डोस डर्मॅटोमायोसायटिसचे आहेत, सगळ्या संयोजी ऊतींच्या आजारांना लावू नका. स्क्लेरोडर्मात (कातडी घट्ट होत जाणारा आजार) रोज १५ मिलिग्रॅमच्या वर प्रेडनिसोलोन गेलं तर रक्तदाब भडकून मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका असतो, आणि तोंड आकसलेलं असल्याने नळी घालणं अवघड जातं, कॅमेऱ्याचा लॅरिंगोस्कोप तयार लागतो. जुन्या संधिवातात मानेचे वरचे दोन मणके सरकलेले असू शकतात, नळी घालताना मान मागे वाकवली तर मज्जारज्जू दबतो. ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती अनेक अवयवांवर उलटते तो आजार) दम वाढला आणि हिमोग्लोबिन दोन दिवसांत दोन ग्रॅमने उतरलं तर फुप्फुसात रक्तस्राव समजून चला, खोकल्यातून रक्त आलं नाही तरी. आणि स्नायूंचा दाह जोरात असेल तर सीटी स्वच्छ असूनही श्वास बंद पडू शकतो. अशा रुग्णाला एका श्वासात एक, दोन, तीन मोजायला लावा. वीसही मोजता येत नसतील तर एबीजी आणि श्वासाची क्षमता तपासा, पाणी पिताना ठसका लागत असेल तर तोंडाने काही देऊ नका.

निघण्याच्या दिवशी सीटीचा नुसता रिपोर्ट नको, सीडी घ्या. कल्चर कोणत्या तारखेला पाठवली आणि रिपोर्ट कुठून मागवायचा ते लिहून घ्या. कोणतं औषध किती वाजता दिलं, विशेषतः टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड, ते वेगळ्या कागदावर हवं. एमडीए-५ चा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. पोहोचाल तेव्हा रात्रपाळीचा डॉक्टर पहिलं पान बघेल, आणि त्याने ही केस ‘न्यूमोनिया’ म्हणून नोंदवली तर पुढचा दिवस वाया जाईल.